तिच्यापाशी कोन हाय?

फुलाताई गेली हे मले मोबाईलच्या ग्रुपवर समजलं. सकाळी मी भीमपूरच्या फाट्यावर ऑटोची वाट पाहत उभी होती, एका हातात डबा, एका हातात मोबाईल, अन् मेसेज आला. "पंचफुलाताई आज पहाटे गेल्या. दवाखान्यातून घरी आनून राह्यलो." तिच्या पुतन्यानं टाकला होता, ती दवाखान्यात गेल्यावर त्यालेबी ग्रुपात घेतलं होतं. मी वाचला, परत वाचला, अन् वाचता वाचताच त्याच्याखाली एक अंगठा उमटला. मंग दुसरा. मंग तिसरा... तीन जनायनं सवयीनं, नीट न पाहता, अंगठा दाबून देला होता. मले रडू बी आलं नाई. मी त्या तीन अंगठ्यायकडे अशी पाहत राह्यली का ऑटोवाला "बसता का ताई, का जाऊ?" म्हनून दोनदा ओरडला तरी मले ऐकू आलं नाई. कारन असेच अंगठे दाबता दाबता आमच्या हातून एक पोरगी हारपली होती. तिले हुडकता हुडकताच फुलाताई गेली. अन् तो ग्रुप बनवला होता मी.

आता तीन आठवडे होऊन गेले. पेपरच्या पुरवनीच्या मॅडम म्हने, तिच्यावर कोनीतरी लिहाले पाहिजे, तूच लिही. मी म्हटलं, मले पुस्तकातलं मराठी येत नाई, आमी तेलंगनातल्या आदिलाबादकडचे मराठी, शाळा तेलुगूत, बाजार हिंदीत, घरी असं. त्या म्हने, बोलतेस तसंच लिही. म्हनून मोबाईलवरच लिहून राह्यली. माहे बोटं लय जोरात चालतात, तोंड त्याहून जोरात. फुलाताई मले गिरनी म्हनायची. "काय वं गिरनी, थांब जराशी, पीठ बारीक पडू दे." आज थांबत नाई ताई, थांबली तं लिहनं होनार नाई.

ती तलमडुगु मंडलातल्या एका खेड्यातली. लहानपनी दुसऱ्याच्या वावरात कापूस येचला, मोठेपनी अंगनवाडीत आया झाली, मंग तिथंच टीचर, मंग रिटायर. नवरा लवकर गेला, लेकरू नाई. अंगानं काडी, पायात प्लास्टिकची चप्पल, खांद्यावर एक हिरवी पिशवी. बसमधे, मिटिंगमधे, लगनात, मयतीत, कुठंबी बसाले गेली का तिचं एकच वाक्य, "सरका जराशे, जागा होते." अन् खरंच जागा होत होती! दोन जनाच्या बाकड्यावर ती अर्धी टेकून बसायची अन् मंग मलेबी वढायची. मी म्हनायची, "ताई, पडून जाईन मी." ती म्हने, "पडली तं खाली जमीन हाय, भेतेस कशाले."

हे जागेचं काय होतं ते तिनं मले एकदाच सांगतलं, भाकरी थापता थापता, माह्याकडे न पाहता. तिची मोठी बहीन होती, सुभद्रा. ताई धा वर्षांची असन तवा सुभद्राले लांबून स्थळ आलं, पार उत्तरेकडून. शेजारच्या गावची एक बाई मधात होती. पोराकडे जमीन हाय, हुंडा नोको, लगनाचा खर्चबी तेच करतात म्हने. दोन दिवसांत लगन झालं, जीप दारात आली. आता आमच्याकडे कसं, नवरीसंगं पाठराखीन जाते. मावशी, आत्या, बहीन, कोनीतरी बाई नवरीसंगं सासरी जाते, दोन-चार दिवस राह्यते, तिच्यापाशी झोपते, तिथलं पानी कुठून येते, चूल कशी हाय, सासू कशी बोलते ते पाहते, अन् मंग वापस येऊन मायले सांगते. सुभद्राची मावशी ट्रंक भरून तयार होती. ती मधातली बाई म्हने, "गाडीत जागा नाई मावशी. पुढच्या महिन्यात या." मावशी मांगं सरली. गाडी गेली. एक चिठ्ठी आली, मंग काईच नाई, आजपावेतो नाई. ताईनं भाकर तव्यावर टाकली अन् म्हने, "जागा होती वं. मांगच्या सीटवर एक पोतं ठेवलं होतं. मी पाह्यलं होतं. मी लहान होती, मले वाटलं मोठ्या मानसायले दिसलं असन..." आता या गोष्टीले मानवी तस्करी म्हनतात, फॉर्मवर तसा रकानाच असते. तवा त्याले लगनच म्हनत.

रिटायर झाल्यावर तिनं हेच काम धरलं. आमच्या भागातून पोरी अजूनबी जातात. कोनी लगनाच्या नावानं, कोनी मिलमधल्या कामाच्या नावानं. काही वापस येतात. अन् वापस आलेल्या पोरीचे काय हाल होतात ते मी पाह्यलं हाय. आदिलाबादले एक संस्था हाय, तिचं राहाचं घर हाय. एक वकील लोकांची हाय. निर्मलच्या बाजूले एक हाय, तिथं राहनं अन् शिलाई दोन्ही. पैनगंगेच्या पल्याड महाराष्ट्रात बायायचं एक मंडळ हाय, ते घरोघरी जाऊन मायबापाले समजवते. चारी चांगले, खोटं नाई बोलत. पन चौघायचं एकमेकांसंगं बोलनं नाई! आमची केस, तुमची केस. पोरगी एका दारातून दुसऱ्या दारात गेली का नवा फॉर्म, नवी मॅडम, अन् "बेटा, पयल्यापासून सांग." एका पोरीनं तीन ठिकानी पयल्यापासून सांगतलं, चौथ्या ठिकानी ती बोललीच नाई. तिथं लिवलं, 'सहकार्य करत नाही.'

ताईनं या चौघायले आपल्या गावच्या बुद्धविहारात बोलावलं. तवा मी नव्हती, पन हा किस्सा सगळे सांगतात. चार संस्था, पाच बॅनर! कोनाचा बॅनर मधात लावाचा याच्यावर अर्धा तास भांडन. ताईनं पाचही बॅनर काढले अन् अंथरले खाली. म्हने, "बसा यायच्यावर, जमीन थंडी हाय." मंग तिनं सांगतलं का मले तुमचा करार-बिरार काई समजत नाई, माही एकच गोष्ट आयका. पोरगी एका घरातून दुसऱ्या घरी जाईन तवा पाठवनाऱ्या घरची एक बाई पाठराखीन म्हनून संगं जाईन. दोन दिवस राहीन. तिच्यासंगं जेवन, तिच्यापाशी झोपन. अन् पोरीची गोष्ट पोरीच्या तोंडून परत कोनी काढाची नाई, पाठराखीन सांगन. आदिलाबादच्या संस्थेचे मोठे सर हासले म्हने. "ताई, हे काय लगन हाय का?" ताई म्हने, "नाई ना सर. लगनात तं आपन एवढं करतो."

पयली पाठराखीन तीच झाली. निर्मलच्या संस्थेत वार्डन हाय सरोजा अक्का, तेलुगू बाई, आवाज असा का गल्लीच्या टोकावरून ऐकू यावा. ताई तिथं एका पोरीले घेऊन गेली अन् दुसऱ्या दिवशी पाहते तं न्हानीले कडीच नाई. ताई बाजारात गेली, कडी अन् इस्क्रू आनले, स्वतःच बसून लावले. अक्का भडकली. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हने, "तुम चेकिंग करने आया क्या?" ताई म्हने, "चेकिंग नाई वं बाई. मी सोयरीन हाव. सोयऱ्याच्या घरी तपासत नाईत, राह्यतात." अक्काले किती समजलं मालूम नाई, पन पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या पोरीची पाठराखीन होऊन आदिलाबादले आली, अन् पयल्याच जेवनाले नाक मुरडलं. या वरनात चिंच काऊन नाई? दुसऱ्या दिवशी सयपाकघरात घुसून तिनं स्वतः चारू केला, चिंचेचं पातळ सार, सगळ्या पोरीयनं वरपला. मंग पल्याडच्या मंडळाच्या बाया इकडे, इकडच्या तिकडे... कोनाच्या घरी पांघरून कमी हाय, कोनाचा वॉचमन दारू पेते, सगळं सगळ्यायले मालूम. अन् लाजेनं म्हना का सोयरीकीनं म्हना, सगळं सुधरत गेलं. ताई रोज आपल्या बटनाच्या मोबाईलवरून फोन लावे अन् एकच गोष्ट इचारे, "तिच्यापाशी कोन हाय?" नाव सांगा लागे. संस्थेचं नाव चालत नव्हतं, बाईचं नाव पाहिजे.

अन् मंग आली मी. डिग्री झालेली, कॉम्प्युटर येते, तीन भाषा येतात, चार संस्थांनी मिळून मले ठेवलं, ताळमेळ ठेवाले. मले एवढा आनंद झाला होता! आठ दिवसांत ग्रुप बनवला, अकरा जन जोडले. कोन कुठून निघालं, कुठं पोचलं, सगळं ग्रुपवर. कागद हारपत नव्हते, तारखा चुकत नव्हत्या, सर लोक मले "व्हेरी गुड" म्हनत. ताईले ग्रुप दिसत नव्हता, म्हनून मी तिले वाचून दाखवायची. ती म्हने, "तुह्या ग्रुपात कोन कोनापाशी हाय ते दिसते का?" मी म्हटलं, "सगळं दिसते ताई! आता तं पाठराखीनबी कशाले पाहिजे, बाया थकून राह्यल्या येनं-जानं करून." ताई म्हने, "गिरनी, दळनं येगळं अन् भाकर येगळी." मी हासली. मले तवा ते उगाच वाटलं.

तवाच रेनू आली. हे तिचं खरं नाव नाई. एकोनीस वर्षांची, नदीकाठच्या गावची, लगनाच्याच नावानं गेली होती, दीड वर्षानं कशी पळून आली ते मी लिहत नाई, ते तिचं हाय. घरच्यायनं दार उघडलं नाई. आदिलाबादच्या घरात राहे. कच्ची चिंच मीठ लावून खाये अन् मले म्हने, "तुमी बोलता का टाईप करता वो ताई?" एवढी हासरी, पन न्हानीत एकटी जात नव्हती. बाहेर कोनीतरी उभं पाहिजे, अन् आतून दर मिनिटाले इचारे, "हाय ना?" आपन म्हनाचं, "हाव, हाय." परत, "हाय ना?" मी कधी मोबाईल पाहत उत्तर द्याले इसरली तं ती अंगावर पानी तसंच ठेवून बाहेर यायची. तिले शिलाई शिकाची होती, म्हनून निर्मलले पाठवाचं ठरलं. तिनं एकच इचारलं होतं, "माह्यासंगं कोन येते?" मी म्हटलं, "फुलाताई येते ना."

पन त्या दिवशी फुलाताई नदीपल्याड गेली होती, दुसऱ्या एका पोरीच्या मायले समजवाले. अन् मोठ्या सरांची गाडी ट्रेनिंगसाठी हैदराबादले चालली होती. सर म्हने, "रेनूला आमी नेरडीगोंड्यापर्यंत सोडतो, निर्मलची जीप तिथं येऊ दे, हायवेवरच ढाबा हाय, तिथं हँडओव्हर. फक्त पाठराखीन नोको, गाडीत जागा नाही." मी ग्रुपवर टाकलं. धडाधड अंगठे आले. मले केवढं भारी वाटलं, दोन मिनिटांत सगळं सेट! मंग ताईले फोन लावला. "ताई, रेनू आजच जाऊन राह्यली. गाडीत जागा नाई म्हनून पाठराखीन नाई, पन ग्रुपवर सगळं—" ताईनं मले मधातच थांबवलं. मंग म्हने, "काय म्हटलं तू?" मी म्हटलं, "गाडीत जागा नाई, ताई." ती म्हने, "मंग गाडी जाऊ नोको देऊ. पोरीले थांबव. मी उद्या येते." मी म्हटलं, हाव.

मी हाव म्हटलं, अन् गाडी थांबवली नाई. लिहून टाकते, एकदाच. गाडी फाटकातच होती. रेनू खिडकीपाशी बसली होती. सर घाईत होते, सगळ्यायचे अंगठे आले होते, आता कोन कोनाले परत सांगन... अन् मनात हेबी होतं का ताईले दाखवून देऊ, बिना पाठराखीनीनं कसं होते ते. रेनूनं काच खाली करून इचारलं, "ताई कुठं हाय?" मी म्हटलं, "तू जा, ढाब्यावर तुले घ्याले बाई येईन, तिच्यासंगं जाजो." हे मीच सांगतलं तिले. माह्या तोंडानं.

दुपारी ग्रुपवर सरांचा मेसेज आला, 'नेरडीगोंड्याला उतरवलं.' अंगठे. तासाभरानं जीपवाल्याचा, 'गाडी पोचली.' अंगठे. मी तं फुलाचं चित्रबी टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला, बसमधूनच. "तिच्यापाशी कोन हाय?" मी म्हटलं, "गाडी गेली ताई. सरोजा अक्का हाय तिच्यापाशी." "तू बोलली अक्कासंगं?" "ग्रुपवर आलं ना ताई, गाडी—" "ग्रुप नोको सांगू वं. बाई सांग." मी अक्काले फोन लावला. अक्का म्हने, "रेनू? लेदम्मा, इथं नाई. जीप ढाब्यावर पोचली, तिथं कोनी नव्हतं. आमाले वाटलं तुमचे सर तिले हैदराबादलेच घेऊन गेले." सरांले लावला. ते म्हने, "आमी तर ग्रुपवर टाकलं होतं." जीप ढाब्यावर पोचली होती. 'गाडी पोचली' म्हंजे तेवढंच. आमी सगळ्यायनं वाचलं का पोरगी पोचली. एक दिवस अन् एक रात्र ती कोनापाशीच नव्हती, अन् आमाले अकरा जनायले ती दुसऱ्यापाशी हाय असं वाटत होतं.

ताई अन् मी, आमी दोघी ढाब्यावर गेलो. चहावाल्याले आठवत होतं. तो म्हने, "हाव, एक पोट्टी बाकड्यावर बसली होती, पिशवी मांडीवर. मले दोन-तीनदा इचारलं, माह्यासाठी कोनी आलं का? मी म्हटलं, नाई बाप्पा. मंग एक गाडी आली, एक बाई उतरली, म्हने मी तिले घ्याले आली. गेली तिच्यासंगं. हासत गेली वो." मी त्याच बाकड्यावर बसली. ताई माह्या बाजूले बसली नाई. ती चहावाल्याले इचारत होती, बाई कशी होती, साडी कशी होती, गाडी कोन्या बाजूले वळली. ती बाई कोन होती, कुठून तिची नजर रेनूवर होती, आमाले आजबी मालूम नाई.

तक्रार झाली. मंग हद्द कोनाची याच्यात कागद फिरत राह्यला, जबाब घेतले, माहाबी घेतला. संस्थांच्या मिटिंगा झाल्या, चूक कोनाची याच्यावर. सर म्हने, चूक जीपवाल्याची. अक्का म्हने, बिना पाठराखीनीची पोरगी धाडलीच कशी? पल्याडच्या मंडळानं ग्रुप सोडून देला. एवढ्या वर्षांची सोयरीक, धा दिवसांत फाटली. अन् फुलाताई त्या मिटिंगांले आलीच नाई. ती हायवेवर होती. रोज बसनं एका ढाब्यावर उतरे, तिथून पुढच्या ढाब्यापर्यंत पायी, पंक्चरवाले, पेट्रोल पंप, चहाच्या टपऱ्या. रेनूचा फोटो ती दाखवत नव्हती, पोरीची इज्जत जाते म्हने. नुसतं तोंडानं सांगे, "एवढी उंच, हासते लय, कच्ची चिंच खाते." चिंच खाते म्हनून कोनी पोरगी सापडते का वो? मी म्हनायची, "ताई, बस करा आता." तिले शुगर होती, पायाले फोड आला होता, प्लास्टिकची चप्पल घासून घासून. ती म्हने, "मावशी मांगं सरली होती वं. मी नाई सरनार."

मले ती कधी रागावली नाई. रागावली असती तं बरं झालं असतं, खरंच सांगते. एकदाच म्हने, तेही बसमधे, खिडकीबाहेर पाहत, "गिरनी, तुह्या ग्रुपात अकरा जन होते. बाई एकबी नव्हती." मी म्हटलं, "ताई, सात बाया हायत."  मले चार दिवसांनी समजलं ती काय म्हने ते.

फोडाची जखम झाली, जखम काळी पडली. पुतन्यानं जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं, तवर उशीर झाला होता. एक बोट काढलं, ताप उतरला नाई. शेवटचं भेटली ते दवाखान्यातच. वार्डात बसाले स्टूल नव्हतं. मी उभी. ती त्या अरुंद पलंगावर, सलाईनच्या हातानं, हळूहळू सरकाले लागली. मी म्हटलं, "ताई, सरकू नोका, मी उभी राह्यते." ती म्हने, "बस, जागा होते." मी बसली, अर्धी. लय वेळ ती डोळे मिटून होती. मले वाटलं झोपली. मंग म्हने, "तिच्यापाशी कोन असन वं आता?"  मी, गिरनी... मले एक नाव सांगता आलं नाई. तिनं माहा हात धरला, जोरानं नाई, असाच, अन् परत डोळे मिटले. चौथ्या दिवशी तो मेसेज आला.

विहारात शोकसभा झाली. या वेळी बॅनर मधातच होता, ताईचा मोठा फोटो, खाली चारी संस्थांची नावं. सर चांगलं बोलले, त्यायच्या डोळ्यात पानीबी होतं, ते मी खोटं म्हनत नाई. त्यायचं कार्य पुढं नेऊ म्हने. मी उठली अन् ताईची हिरवी पिशवी वर करून दाखवली. आमच्या आफिसात दारामांगं खिळ्यावर टांगलेली असे, कवाबी निघा लागते म्हनून भरलेली. दोन साड्या, एक चादर, ताट-गिलास, अन् जुन्या फडक्यात गुंडाळलेली एक कडी, चार इस्क्रू, एक छोटा पेचकस. मी इचारलं, "हे कोन घेते?" कोनी खाली पाह्यलं. कोनी म्हने, स्टाफ कमी हाय. कोनी म्हने, आता नवी पद्धत ठरवू, फॉर्म बनवू, सही घेऊ. सरोजा अक्का एकटी मांगून वरडली, आपल्या तेलुगू मराठीत, "पंधरा फॉर्म कर! फॉर्म झोपते का पोरीच्या बाजूले?" मंग ती रडाले लागली अन् सभा संपली. पिशवी माह्याच हातात राह्यली, मी ती वापस खिळ्यावर टांगली.

मले नाई वाटत हे पुढं चालन. खरं सांगते, आशा-बिशा मले लिहता येत नाई. ग्रुपात आता सात जन उरले. रेनूचा पत्ता नाई. लोक म्हनतात, कदाचित भेटन. मले कदाचित हा शब्दच नोकोसा झाला हाय. एक मानूस पायी फिरत होतं, ते गेलं, अन् आता तिले हुडकाले कोनी फिरत नाई. मी दर रविवारी जाते, दोन-चार ढाबे करते, चिंच खाते म्हनून सांगते, अन् वापस येते.

गेल्या आठवड्यात एका पोरीले निर्मलले पाठवाचं होतं. सतरा वर्षांची, लय चिडकी, कोनासंगं बोलत नाई. कागदावर बालकल्यान समितीच्या साहेबाची सही झाली होती. सर म्हने, "आमची गाडी चाललीच हाय, हिला नेतो. तू ग्रुपवर टाक." मी इचारलं, "अन् मी?" ते म्हने, "अगं, गाडीत जागा नाही." मी भांडली नाई. खिळ्यावरून पिशवी काढली, पोरीले म्हटलं, "चाल, बसनं जाऊ." सर मांगून हाका मारत राह्यले.

बसमधे गर्दी होती. मी म्हटलं, "सरका जराशे, जागा होते," अन् माह्याच आवाजाची मले भीती वाटली. पोरगी खिडकीपाशी, मी अर्धी टेकून. नेरडीगोंड्याच्या त्याच ढाब्यावर बस थांबली, धा मिनिटं. मी उतरनार नव्हती, त्या बाकड्याकडे पाहनारबी नव्हती. पन पोरीले जा लागत होतं. ढाब्याच्या मांगं पत्र्याचा संडास, दाराले कडी नाई. कडी माह्यापाशी पिशवीत होती, पन बस सुटाले आली होती. पोरगी आत गेली अन् मी बाहेरून दोन्ही हातानं दार दाबून धरलं, पिशवी कोपरात अडकवून. अन् मले समजलंच नाई मी कवा बोलाले लागली. "मी हाय वं. बाहेरच हाय. मी हाय..." आतून पोरगी वैतागली, "मालूम हाय ना ताई! किती वेळा सांगान?" मी म्हटलं, "हाव. हाय मी."

खिशात मोबाईल वाजत होता. ग्रुपवर कोनीतरी इचारत असन, कुठं पोचल्या म्हनून. बसवाला हॉर्न देऊन राह्यला होता. माहे दोन्ही हात दारावर होते.